नाताळचा खाऊ : चॉकलेट व दाण्यांच्या वड्या

नाताळ जवळ येऊं लागला म्हणजे आमच्या ख्रिस्ती घरांतून करंज्या, शंकरपाळे व कलकल यांचा घमघमाट सुटूं लागतो. दिवाळींत शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून फराळाचें ताट आलेलें असतें. त्याची आठवण ठेवून नाताळांत आपल्या घरचें ताट त्यांच्याकडे पोंचवावयाचें, हा आपल्या चाळींतून व आळींतून कितीतरी वर्षें चालत आलेला परिपाठ आहे. आलेलें भांडें रिकामें परत करूं नये, असें वडील माणसांनीं आपणांस शिकविलें आहे. आणि या एका लहानशा नियमानें निरनिराळ्या धर्मांच्या घरांना जितकें जवळ आणिलें आहे, तितकें मोठमोठ्या व्याख्यानांनीं क्वचितच आणिलें असेल.

अलीकडे या ताटांत चॉकलेटही दिसूं लागलें आहे. मुलांना तें आवडतें, म्हणून वडील माणसें दुकानांतून रंगीत कागदांच्या पेट्या आणितात. परंतु पांच-सहा घरीं द्यावयाचें म्हटलें म्हणजे या पेट्यांचा खर्च साधारण संसाराला झेपत नाहीं. गेल्या डिसेंबरांत शाळा सुटल्यावर एक विद्यार्थी माझ्याजवळ घुटमळत उभा राहिला व हळूच म्हणाला, "सर, यंदा आमच्याकडून कोणाकडेंच ताट जाणार नाहीं. आई म्हणते, नुसत्या शंकरपाळ्यांना आतां कोण विचारतो?" त्या वेळीं त्याला जें चार शब्दांत सांगितलें, तेंच येथें जरा विस्तारानें लिहीत आहें; कारण अशीं घरें एकदोन नाहींत.

चॉकलेट व दाणे यांची मिठाई घरीं करणें अगदीं सोपें आहे. तिला भट्टी लागत नाहीं, सांचे लागत नाहींत, कीं हलवायाचें कसबही लागत नाहीं. मात्र सोप्या कामालाही त्याचीं कारणें असतात. तीं कळलीं म्हणजे हात बरोबर चालतो. न कळलीं तर पैसे देऊन आणिलेला जिन्नस क्षणांत वायां जातो, आणि वर दोष आपण दुसऱ्यास देतों. हें मी स्वतःच्या अनुभवानें शिकलों आहें. म्हणून तो अनुभव आधीं सांगतों.

माझी फजिती

कांहीं वर्षांपूर्वीं नाताळच्या सुमारास मीं अर्धा किलो चॉकलेटची लादी विकत आणिली. घरांतील मंडळींस मोठ्या ऐटीनें म्हटलें, "आज तुम्ही बसा, शास्त्राचा शिक्षक काय करतो तें पाहा." लादी फोडून एका भांड्यांत घातली, तें भांडें मोठ्या पातेल्यांतील उकळत्या पाण्यांत ठेविलें, आणि चॉकलेट लौकर वितळावें म्हणून पातेल्यावर झांकण घातलें. थोड्या वेळानें झांकण काढून पाहतों, तों आंत काळा, रवाळ, राठ गोळा! ढवळावें तितका तो अधिकच घट्ट होई. मीं तडक दुकान गांठलें, लादी शिळी दिली असें चार गिऱ्हाइकांदेखत ओरडून सांगितलें, व दुकानदारास नको नको तें बोललों. त्या बिचाऱ्यानें वाद न घालतां दुसरी लादी हातांत ठेविली.

घरीं आलों तों आई म्हणाली, "अरे, झांकणाच्या आंतल्या बाजूला काय आहे तें बघितलेंस का?" झांकण पालथें करून पाहिलें. त्यावर वाफेचे थेंब जमले होते, आणि तेच थेंब चॉकलेटांत पडले होते. लादींत कांहींच दोष नव्हता. दोष झांकणाचा होता, आणि झांकण मींच घातलें होतें. दुसऱ्या दिवशीं दुकानांत गिऱ्हाइकें असतांनाच गेलों, दुसऱ्या लादीचे पैसे दिले, आणि सर्वांदेखत त्या गृहस्थाची क्षमा मागितली. चारचौघांत केलेल्या अपमानाची क्षमा एकांतांत मागून चालत नाहीं, असें मीच वर्गांत मुलांना सांगत असें.

थेंबभर पाणी इतका अनर्थ कां करतें, हें समजण्यासाठीं चॉकलेट म्हणजे काय तें आधीं पाहिलें पाहिजे.

चॉकलेट म्हणजे काय?

चॉकलेट कोकोच्या बियांपासून होतें. कोकोचें झाड मूळचें दक्षिण अमेरिकेंतील उष्ण अरण्यांतलें. स्वीडनमधील वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानें १७५३ सालीं त्यास 'थिओब्रोमा' असें नांव दिलें; ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ 'देवांचें अन्न' असा होतो. मध्य अमेरिकेंतील माया व ॲझटेक लोक या बिया वाटून त्यांचें कडवट पेय करीत. आपल्या देशांत आतां केरळ, कर्नाटक, तामिळनाडू व आंध्र प्रदेश या राज्यांत नारळी-पोफळीच्या सावलींत कोकोचीं झाडें लाविलेलीं आढळतात.

फळांतील बिया आंबवून, वाळवून व भाजून, टरफल काढून दळल्या म्हणजे त्यांचा दाट लगदा होतो. या लगद्याचा सुमारें निम्मा भाग स्निग्ध असतो. त्यास कोको बटर म्हणतात. हें बटर दाबून वेगळें काढण्याच्या कृतीचें पेटंट १८२८ सालीं हॉलंडमधील व्हॅन हाउटेन यांनीं घेतलें. बटर निघून गेल्यावर जी पेंड राहते तिची भुकटी म्हणजे आपण दुधांत घालतों ती कोको पावडर. पुढें १८४७ सालीं इंग्लंडांत ब्रिस्टल येथील फ्राय यांच्या कारखान्यांत कोको, साखर व कोको बटर एकत्र करून खाण्याच्या चॉकलेटची वडी तयार झाली. १८७५ सालीं स्वित्झर्लंडमध्यें डॅनिएल पीटर यानें दुधाचें चॉकलेट तयार केलें. म्हणजे चॉकलेट पिण्याची चाल हजारों वर्षांची असली, तरी तें चावून खाण्याची चाल दोनशें वर्षांचीही नाहीं.

येथें एक गोष्ट मुलांनीं लक्षांत ठेवावी. १९०९ सालीं इंग्लंडांतील कांहीं मोठ्या चॉकलेट कारखानदारांनीं पश्चिम आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावरील कोको घेणें बंद केलें. कारण तेथें मजुरांना गुलामांप्रमाणें राबविलें जात होतें. आज जगांतील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट व घाना या पश्चिम आफ्रिकेंतील दोन देशांतून येतो, आणि तेथील मळ्यांत लहान मुलांना कामास लावण्याचा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाहीं. आपल्या ताटांतील तुकड्यामागें कोणाचे तरी कष्ट आहेत. तो निष्काळजीपणानें वायां घालविणें म्हणजे केवळ आपलेच पैसे वायां घालविणें नव्हे.

आतां मुद्द्याकडे वळूं. चॉकलेटच्या वडींत साखरेचे व कोकोचे अतिशय बारीक, कोरडे कण स्निग्धांशांत बसविलेले असतात. पाणी त्यांत जवळजवळ नसतेंच. वडी वितळली म्हणजे हे कण तुपांतल्याप्रमाणें एकमेकांवरून सहज घसरतात. परंतु थेंबभर पाणी पडलें, कीं साखरेचे कण ओले व चिकट होऊन एकमेकांस धरून बसतात. कणीक भिजविण्याच्या पिठांत चमचाभर पाणी शिंपडलें तर गोळ्या होतात, आणि तांब्याभर ओतलें तर पातळ पीठ होतें. तसाच हा प्रकार आहे. म्हणून गोळा झालेलें चॉकलेट फेंकूं नये. त्यांत गरम दूध थोडें थोडें घालून ढवळलें तर तें पुन्हां पातळ होतें. त्याच्या वड्या पडत नाहींत. पण तें पिण्यास, केकवर ओतण्यास किंवा पुढें दिलेल्या दुधाच्या वडींत घालण्यास उत्तम. माझी पहिली लादी अशाच रीतीनें कारणीं लागली.

बाजारांतील दोन प्रकार

बाजारांत लादीच्या रूपानें मिळणारें चॉकलेट दोन प्रकारचें असतें. एकांत कोको बटर असतें. हें खरें चॉकलेट. दुसऱ्यांत कोको बटरच्या ऐवजीं दुसरी वनस्पतिजन्य चरबी घातलेली असते. त्यास दुकानदार 'कंपाउंड' म्हणतात. वेष्टनावरील बारीक अक्षरांतील घटकांची यादी वाचली म्हणजे कोणता प्रकार आहे हें कळतें. कंपाउंड स्वस्त असतें, उष्म्यांत अधिक टिकतें, आणि नवशिक्याच्या हातून बिघडण्याचा संभव कमी. परंतु तोंडांत टाकल्यावर तें खऱ्या चॉकलेटसारखें विरघळत नाहीं, टाळूवर किंचित् मेणचट राहतें. पहिल्या वर्षीं कंपाउंडवर हात बसवावा व पुढें खऱ्या चॉकलेटकडे वळावें, हें बरें. मात्र जें दिलें तें काय आहे, हें विचारल्यास प्रामाणिकपणें सांगावें.

दाण्यांची निवड

शेंगदाणा, काजू व कोको हे तिन्ही आपल्या देशाला मूळच्या अमेरिका खंडांतून मिळालेले पाहुणे आहेत. काजूचें झाड पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझीलमधून आणिलें, आणि 'काजू' हा शब्दही त्यांच्याच भाषेंतून आपल्याकडे आला. गोवें व कोंकण येथें तें झाड असें कांहीं रुजलें, कीं तें परकें होतें हें आज सांगूनही खरें वाटत नाहीं. शेंगदाणा हा तर खरोखर सुका मेवा नव्हेच; तो तूर-हरभऱ्याच्या कुळांतला. परंतु भाजला म्हणजे चॉकलेटशीं त्याची चव कोणत्याही महागड्या मेव्याइतकीच जमते. ज्या घरीं काजू-बदाम परवडत नाहींत, त्या घरानें शेंगदाण्याची लाज बाळगण्याचें मुळींच कारण नाहीं.

दाणे निवडतांना सुरकुतलेले, काळवंडलेले किंवा बुरशी धरलेले निर्दयपणें फेंकून द्यावे. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नांवाचें यकृतास अपायकारक विष असूं शकतें, आणि तें भाजण्यानें पुरतें नाहींसें होत नाहीं. एक दाणा चावून पाहावा. खवट लागला तर ते दाणे वापरूं नयेत, कारण चॉकलेटखालीं खवटपणा झांकत नाहीं.

शेंगदाणे जाड कढईंत मंद आंचेवर बारा ते पंधरा मिनिटें सतत हलवीत भाजावे. काजूंना पांच-सहा मिनिटें पुरतात, बदामांना आठ-दहा. रंग पुरता येण्याच्या किंचित् आधींच कढईंतून परातींत काढावे. कारण अंगच्या उष्णतेनें ते पुढेंही भाजत राहतात. शेंगदाणे चोळून पाखडून साल काढावी. सर्व दाणे पूर्ण थंड होऊं द्यावे. गरम दाणे चॉकलेटांत घातले तर त्याची सारी घडण बिघडते.

चॉकलेट वितळविण्याची रीति

भांडीं, चमचा, सुरी व पाट हीं सर्व पुसून खणखणीत कोरडीं करावीं. चॉकलेटचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे करावे. एका पातेल्यांत दोन बोटें पाणी घालून उकळी आणावी व गॅस बंद करावा. पातेल्याच्या तोंडाहून मोठें असें पोलादी भांडें त्यावर बसवावें. त्याचा तळ पाण्यास लागूं नये, आणि कडेनें वाफ आंत शिरूं नये. या भांड्यांत चॉकलेट घालून सावकाश ढवळावें. झांकण घालूं नये, हें आतां निराळें सांगावयास नकोच! पाणी फार निवलें तर पुन्हां थोडें तापवावें; पण घाई करूं नये. चॉकलेट ४५ अंश सेल्सियसच्या आसपास गेलें म्हणजे पुरें. फार तापलें तर तें करपतें, आणि करपलेल्या चॉकलेटवर उपाय नाहीं.

कंपाउंड असेल तर तें एवढ्यानेंच वापरावयास तयार झालें. खऱ्या चॉकलेटला आणखी एक संस्कार लागतो. तो न केल्यास वड्या लौकर गोठत नाहींत, हातास चिकटतात, आणि दोन दिवसांत त्यांवर पांढुरके डाग उमटतात. कारण असें कीं, कोको बटर गोठतांना त्याचे स्फटिक सहा निरनिराळ्या प्रकारांनीं बनूं शकतात. त्यांपैकीं पांचवा प्रकार आपल्या उपयोगाचा. तो सुमारें ३४ अंशांवर वितळतो. डिसेंबरांतील थंड खोलींत तो टणक राहतो, मोडतांना 'टक्' असा आवाज देतो, आणि ३७ अंशांच्या आपल्या तोंडांत गेला कीं विरघळतो. चॉकलेटची सारी खुबी या दोन आंकड्यांमधील तीन अंशांत आहे.

हे चांगले स्फटिक आणावयाचे कसे? दुधाला विरजण लावितों तसे. एकूण चॉकलेटपैकीं पाऊण भाग वर सांगितल्याप्रमाणें वितळवावा. भांडें पातेल्यावरून उतरवून त्याचा तळ पुसावा. मग राखून ठेविलेला पाव भाग बारीक चिरून त्यांत घालावा व सतत ढवळत राहावें. दुकानांतून आलेल्या या न वितळलेल्या तुकड्यांत चांगले स्फटिक असतात. ते साऱ्या भांड्यास आपली घडण लावितात. काळें चॉकलेट ३१ ते ३२ अंशांवर व दुधाचें २९ ते ३० अंशांवर आलें म्हणजे तें तयार झालें. स्वयंपाकाचा उष्णतामापक असल्यास तो वापरावा. ताप पाहण्याची नळी येथें उपयोगाची नाहीं. मापक नसेल तर स्वच्छ चमच्यानें थेंबभर चॉकलेट घेऊन खालच्या ओठाला लावावें; किंचित् गार लागलें म्हणजे बरोबर. शिवाय सुरीच्या पात्यावर थोडें फांसून ठेवावें. पांच मिनिटांत तें चकचकीत होऊन गोठलें तर पुढें जावें. न गोठलें तर आणखी थोडें ढवळावें.

आतां चार कृति देतों. पहिली सर्वांत सोपी.

१. शेंगदाण्याच्या चॉकलेट-गोळ्या

साहित्य : चॉकलेट २५० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे २५० ग्रॅम, मीठ एक चिमूट.

कृति : तयार चॉकलेटांत गार दाणे व मीठ घालून सर्व दाण्यांस चॉकलेट लागेपर्यंत ढवळावें. ताटावर लोण्याचा कागद पसरून त्यावर लहान चमच्यानें सुटे सुटे ढीग घालावे. थंड, कोरड्या जागीं अर्धा-पाऊण तास ठेवावे. एवढ्या साहित्यांत सुमारें चाळीस गोळ्या होतात. सहा शेजाऱ्यांस सहा-सहा दिल्या तरी घरच्या चार मुलांस एकेक उरते! मीठ विसरूं नये. त्या चिमटीनें गोडी कमी न होतां उलट खुलते.

२. मेव्याची पातळ वडी

साहित्य : चॉकलेट २०० ग्रॅम, काजूचे तुकडे, बदामाचे काप व बेदाणे प्रत्येकीं ५० ग्रॅम.

कृति : लोण्याच्या कागदावर चॉकलेट अर्धा सेंटिमीटर जाडीनें पसरावें आणि तें ओलसर आहे तोंच वरून मेवा पसरून हलक्या हातानें दाबावा. बेदाणे धुतलेले असल्यास ते आदल्या दिवशीं पुरते वाळवावे. नाहींतर पाण्याची तीच कथा पुन्हां घडेल. गोठल्यावर सुरी न लावतां हातानेंच वेडेवांकडे तुकडे करावे.

३. दुधाची चॉकलेट-वडी

साहित्य : आटविलेल्या गोड दुधाचा ४०० ग्रॅमचा एक डबा, कोको पावडर ३० ग्रॅम, लोणी ५० ग्रॅम, अक्रोडाचे किंवा काजूचे तुकडे १०० ग्रॅम, मीठ एक चिमूट.

कृति : जाड बुडाच्या कढईंत लोणी वितळवून कोको मिसळावा, मग दूध व मीठ घालावें. मंद आंचेवर बूड खरवडून सतत ढवळावें; हात थांबला कीं दूध लागलेंच. बारा ते पंधरा मिनिटांत मिश्रण कढईच्या कडा सोडूं लागतें. त्याचा थेंब थंड पाण्याच्या वाटींत टाकून पाहावा. मऊ गोळी झाली म्हणजे उतरवावें. मेवा घालून, तूप लावलेल्या थाळींत थापावें आणि निवल्यावर चौकोनी वड्या पाडाव्या. या कृतींत दूध असल्यामुळें पाण्याच्या थेंबाचें भय नाहीं. चॉकलेटचा गोळा बिघडला असेल तर कोकोऐवजीं तोच दीडशें ग्रॅम येथें घालावा. कोणास कळणारही नाहीं.

४. चॉकलेटांत बुडविलेली चिक्की

साहित्य : चिक्कीचा गूळ २०० ग्रॅम, शेंगदाण्यांचीं पाकळीं २५० ग्रॅम, तूप एक चमचा, चॉकलेट १०० ग्रॅम.

कृति : लोणावळ्याची चिक्की कोणास ठाऊक नाहीं? तीच घरीं करावयाची. पोळपाट, लाटणें व सुरी यांना आधींच तूप लावून ठेवावें, कारण पुढें वेळ मिळत नाहीं. गूळ व तूप मंद आंचेवर वितळवून ढवळत पाक करावा. पाकाचा थेंब थंड पाण्यांत टाकावा. तो ताणला जात असेल तर पाक कच्चा. बोटांनीं मोडतांना कांचेसारखा 'टक्' मोडला म्हणजे झाला. लगेच दाणे घालून मिश्रण पोळपाटावर ओतावें, लाटावें व गरम आहे तोंच सुरीनें रेघा माराव्या. पूर्ण निवल्यावर तुकडे करून प्रत्येकाचें अर्धें अंग चॉकलेटांत बुडवावें व कागदावर ठेवावें. गुळाची चव व कोकोचा कडवटपणा यांची जोडी फार सुरेख जमते.

सावधगिरी

पालकांनीं एवढें जरूर लक्षांत ठेवावें. चिक्कीचा पाक उकळत्या पाण्याहून पुष्कळच अधिक तापलेला असतो, आणि तो कातडीस चिकटून राहतो; त्याचें भाजणें फार वाईट. म्हणून पाक करण्याचें व ओतण्याचें काम मोठ्या माणसांनींच करावें. दाणे सोलणें, निवडणें, ढीग घालणें व कागदांत गुंडाळणें हीं कामें मुलांचीं. हीं कामें मुलगे व मुली या दोघांनींही करावीं. स्वयंपाकघरांत मुलग्यांचे हात झिजत नाहींत. चॉकलेटांतून भाजल्यास भाग ताबडतोब वाहत्या गार पाण्याखालीं धरावा. बर्फ किंवा तूप लावूं नये.

पांच वर्षांच्या आंतील मुलांस अख्खे दाणे देऊं नयेत. ते श्वासनलिकेंत अडकण्याचा धोका असतो. कांहीं माणसांस शेंगदाणे किंवा मेवा मुळींच सोसत नाहीं, व तो जिवावरही बेतूं शकतो. म्हणून ताट देतांना आंत कोणते दाणे आहेत हें सांगावें. घरीं कुत्रा असेल तर त्यास चॉकलेट घालूं नये. कोकोंतील थिओब्रोमीन नांवाचें द्रव्य माणसास सहज पचतें, पण कुत्र्यास तें विषासारखें बाधतें.

वड्या हवाबंद डब्यांत, थरांमध्यें कागद घालून, थंड व कोरड्या जागीं ठेवाव्या. पुणें-नाशिककडील डिसेंबरांत कपाट पुरतें. मुंबई व कोंकण येथें उष्म्यामुळें फ्रिजमध्यें ठेवणें भाग पडल्यास डबा घट्ट लावावा, आणि बाहेर काढल्यावर तो खोलीइतका उबदार होईपर्यंत उघडूं नये. नाहींतर हवेंतील ओल वड्यांवर जमून साखर वर येते. वड्यांवर पांढुरका थर दिसला तर ती बहुधा बुरशी नसून वर आलेलें कोको बटर किंवा साखर असते. रूप जातें, पण खाण्यास अपाय नाहीं. चॉकलेटच्या गोळ्या व चिक्की दोन-तीन आठवडे चांगल्या राहतात. दुधाची वडी मात्र आठवड्याच्या आंत संपवावी.

शेवटीं

आरंभीं ज्या विद्यार्थ्याचा उल्लेख केला, त्याला मीं त्या सायंकाळीं फक्त पहिली कृति कागदावर लिहून दिली होती, आणि खालीं 'पाण्याचा थेंब व झांकण यांपासून जपावें' असें बजाविलें होतें. नाताळांत त्याच्या घरून पांच ताटें गेलीं. प्रत्येकांत सहा चॉकलेटच्या गोळ्या होत्या, आणि त्यांच्या शेजारीं आईचे शंकरपाळेही होते. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीं तो वर्गांत आला तो हंसतच. म्हणाला, "सर, शेजारच्या काकूंनीं काल ताट परत केलें. तिळाच्या वड्या घालून! आणि आईला म्हणाल्या, शंकरपाळे कसे केलेत तें मला शिकवा."

विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटींत तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. पहिल्या खेपेस कांहीं बिघडलें, तर दुकानदारास बोल लावण्यापूर्वीं एकदां झांकण उलटें करून पाहा.